रिकाम्या बोटींची विद्यापीठे

१८ सप्टेंबर १९२६ रोजी न्यूयॉर्कसमोरच्या होबोकेनच्या धक्क्यावरून 'राइनडॅम' ही डच आगबोट पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. बोटीवर पाचशेच्या आसपास प्रवासी होते. त्यांत बहुतेक अमेरिकी महाविद्यालयांतले तरुण, थोड्या तरुणी, आणि शंभराहून अधिक प्रौढ मंडळी, ज्यांचे शिक्षण कधीच आटोपले होते पण जग बघायचे राहिले होते. सोबत प्राध्यापकांचा ताफा, ग्रंथालय, तासांचे वेळापत्रक, परीक्षा, शिवाय बोटीवरच छापले जाणारे वर्तमानपत्र. पनामा कालवा, हवाई, जपान, चीन, फिलिपिन्स, जावा, सिलोन, सुएझ असे करीत बोट युरोपात पोचली आणि मे १९२७च्या सुरुवातीला परत आली. वाटेत रोममध्ये विद्यार्थ्यांनी मुसोलिनीला पाहिले, पोपचे दर्शन घेतले, आणि बंदरोबंदरीच्या दारूच्या गुत्त्यांतही हजेरी लावली. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे या शेवटच्या हजेरीचे नवल वाटायला नको. पण वर्तमानपत्रांना तेवढे पुरले. 'तरंगते विद्यापीठ' फसले असा बोभाटा झाला, आणि ज्यांच्या डोक्यातून ही सफर निघाली त्या जेम्स लफ या प्राध्यापकांची न्यूयॉर्क विद्यापीठातली नोकरी गेली. ही गोष्ट सहसा अशीच सांगितली जाते. एका शिक्षणतज्ज्ञाचे स्वप्न आणि पोरांच्या उनाडक्यांनी त्याचे झालेले वाटोळे, किंवा काळाच्या पुढे असलेली कल्पना आणि तिला न ओळखणारे करंटे जग. दोन्ही प्रकारांत बोट मात्र नुसती पार्श्वभूमीला उभी असते. माझे म्हणणे असे की या इतिहासाची किल्ली बोटीतच आहे. बोटीवरचे शिक्षण ज्या ज्या वेळी उभे राहिले, त्या त्या वेळी त्याच्या मुळाशी एखादी रिकामी पडलेली बोट होती; आणि तिथे विद्यार्थ्याला जे मिळाले आणि जे मिळाले नाही, त्याचा बराच भाग या रिकामपणातून आला.

राइनडॅम १९०१ साली बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ कारखान्यात बांधली गेली. वरच्या दोन वर्गांत काहीशे प्रवासी आणि खाली तिसऱ्या वर्गात अठराशेच्या आसपास माणसे, अशी तिची मांडणी. या आकड्यांवरूनच कंपनीचा धंदा कळतो. झुंबरे, गालिचे आणि वाद्यवृंद वरच्या मजल्यावर असले तरी पैसा खालून येत होता. पूर्व आणि मध्य युरोपातली गरीब कुटुंबे रॉटरडॅमला यायची, बोचकी घेऊन बोटीच्या पोटात शिरायची आणि न्यूयॉर्कला उतरायची. पहिल्या महायुद्धात १९१८ साली अमेरिकेने ही बोट ताब्यात घेऊन तिच्यातून सैनिक नेले. युद्ध संपल्यावर ती पुन्हा जुन्या मार्गावर आली, पण जुना प्रवासी परत आला नाही. १९२१चा कायदा आणि त्याहून कडक असा १९२४चा कायदा यांनी अमेरिकेचे दार लोटून घेतले. नव्या नियमाने १८९०च्या जनगणनेत एखाद्या देशाचे जितके लोक अमेरिकेत होते त्याच्या दोन टक्केच माणसे दरवर्षी आत येऊ शकत. साल मुद्दाम १८९० निवडलेले. पूर्व आणि दक्षिण युरोपातला मोठा लोंढा त्यानंतरचा. अटलांटिकवरच्या सगळ्याच कंपन्यांचे खालचे मजले ओस पडले. मग त्यांनी तिसऱ्या वर्गाची झाडलोट केली, रंग दिला, 'टूरिस्ट थर्ड' असे नवे नाव दिले आणि ते उन्हाळ्यात युरोपला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना विकायला काढले. स्थलांतरिताच्या जागी विद्यार्थी आला तो असा, एका कायद्याच्या कलमाने. लफ यांना पंचवीस वर्षांची बोट आठ महिने भाड्याने मिळते, आणि तिचे मालक तिच्यात वर्गखोल्या काढू देतात, हे १९१० साली शक्यच नव्हते. तेव्हा तिचा एकेक फेरा सोन्याचा होता. १९२९मध्ये ती भंगारात गेली. तरंगते विद्यापीठ हा तिच्या म्हातारपणातला एक जोडधंदा होता.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. बोटी रिकाम्या होत्या म्हणून विद्यापीठे निघत नाहीत, त्यासाठी कल्पना लागते. हे खरे आहे. लफ मानसशास्त्राचे प्राध्यापक. हार्वर्डला विल्यम जेम्स यांच्या परंपरेत शिकलेले. अनुभव हीच ज्ञानाची सुरुवात, हा त्या परंपरेचा गाभा. वॉल स्ट्रीटवर जाऊन अर्थशास्त्र शिकवावे आणि संग्रहालयात जाऊन कला, हे त्यांचे धोरण सफरीच्या आधीपासूनचे. शिवाय महायुद्धानंतरचा काळ. राष्ट्रे एकमेकांना ओळखतील तर लढणार नाहीत, अशी भाबडी पण प्रामाणिक आशा हवेत होती. ही सगळी सामग्री मान्य करूनही एक प्रश्न उरतो. राइनडॅम परत आल्यावर कल्पना काही मेली नाही, मग या प्रकाराने पुन्हा मूळ धरायला १९६३ साल का उजाडावे लागले? महामंदी आणि दुसरे महायुद्ध हे निम्मे उत्तर. उरलेले निम्मे असे की १९४५ नंतर बारा-तेरा वर्षे बोटींना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. निर्वासित, स्थलांतरित, सैनिकांची कुटुंबे, पर्यटक यांनी त्या भरून वाहत होत्या. १९५८मध्ये अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि त्याच वर्षी महासागर बोटीने ओलांडणाऱ्यांपेक्षा विमानाने ओलांडणारे जास्त झाले. पुढच्या पाच वर्षांत गोदीत स्वस्त बोटींची रांग लागली, आणि कल्पनेला पुन्हा वाचा फुटली.

१९६३ची ती बोट जवळून पाहण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियातल्या व्हिटिअर गावचे उद्योजक विल्यम ह्यूज यांनी 'युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज' काढली तेव्हा घेतलेली बोट 'सेव्हन सीज' नावाचीच होती. ती जन्मली मालवाहू बोट म्हणून, १९४० साली. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने तिच्यावर सपाट छप्पर चढवून तिला विमानवाहू केले. 'यूएसएस लाँग आयलंड' हे तिचे युद्धातले नाव, आणि त्या आकाराच्या विमानवाहू नौकांत अमेरिकेची ती पहिली. ऑगस्ट १९४२मध्ये ग्वादलकनालच्या धावपट्टीसाठी लढाऊ विमाने हिच्यावरूनच उडाली. युद्ध संपल्यावर छप्पर उतरले, नाव 'नेली' झाले आणि युरोपातल्या बेघर माणसांना ऑस्ट्रेलियाला पोचवण्याचे काम तिच्याकडे आले. ती गर्दी ओसरल्यावर ती विद्यार्थ्यांकडे आली. १९६६मध्ये समुद्रप्रवास थांबला तरी विद्यार्थी सुटले नाहीत. रॉटरडॅमच्या विद्यापीठाने तिला धक्क्याला बांधून वसतिगृह केले, आणि १९७७पर्यंत तिथे मुले राहत होती. माल, विमाने, निर्वासित, विद्यार्थी या क्रमात विद्यार्थी शेवटी येतात, आणि ते शेवटी येणे योगायोगाचे नाही.

पुढचा प्रवासही याच वळणाने झाला. १९६५मध्ये कॅलिफोर्नियाच्या चॅपमन कॉलेजने हा उपक्रम, म्हणजे आजचा 'सेमिस्टर ॲट सी', हाती घेतला, आणि त्यांना मिळालेली बोट पुन्हा 'राइनडॅम'च, १९५१ची, त्याच कंपनीची नवी. तिच्यात पहिल्या वर्गाच्या जागा फक्त ३९ होत्या, बाकी आठशेच्या वर सगळा टूरिस्ट वर्ग. म्हणजे स्वस्तात युरोप गाठणाऱ्यांसाठी बांधलेली, आणि तोच प्रवासी विमानाने पळवलेला. मग चिनी जहाजमालक सी. वाय. तुंग या धंद्यात उतरले. १९७०मध्ये त्यांनी 'क्वीन एलिझाबेथ' ही ८३ हजार टनांची प्रचंड बोट घेतली, तिचे 'सीवाइज युनिव्हर्सिटी' करायचे ठरवले, आणि काम संपत आले असताना ९ जानेवारी १९७२ रोजी हाँगकाँगच्या बंदरात ती जळाली. मुलांना मिळाली ती तिची धाकटी सवत 'युनिव्हर्स कॅम्पस', जी १९५३ साली मालवाहू म्हणून बांधून नंतर प्रवासी केली होती आणि प्रवाशांविना वर्षानुवर्षे बांधून पडली होती. तिने दोन दशकांहून अधिक काळ विद्यार्थी वाहिले. २००४मध्ये आलेली 'एक्सप्लोरर' ही जवळजवळ कोरी बोट होती, पण ती आली एका ग्रीक कंपनीच्या दिवाळ्यातून. आजची 'वर्ल्ड ओडिसी' म्हणजे मूळची जर्मन 'डॉइचलंड', हीसुद्धा २०१४च्या दिवाळखोरीनंतरच हाती आली. १९२६पासून आजपर्यंत एवढ्या बोटी झाल्या. त्यांतली एकही विद्यार्थ्यांसाठी बांधलेली नव्हती.

हे केवळ अमेरिकेचे वैशिष्ट्य असते तर एका देशाच्या धंद्याची लकब म्हणून सोडून देता आले असते. पण ब्रिटनकडे वळले तरी तेच चित्र दिसते, आणि तिथे आपल्या किनाऱ्याचाही संबंध येतो. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुंबईकरांना शतकभर परिचयाच्या. आफ्रिका, इराणी आखात, पूर्वेकडची बंदरे या मार्गांवर तिचे राज्य होते. या कंपनीकडे सैन्यवाहू बोटीही होत्या. साम्राज्य आटत गेले, सैनिकही विमानाने जाऊ लागले, १९६२च्या सुमारास समुद्रमार्गाची सैन्यवाहतूक बंद झाली. त्याच काळात, १९६१पासून, कंपनीने आधी 'डुनेरा', मागाहून 'डेव्होनिया' आणि 'नेवासा' या बोटी शाळकरी मुलांच्या शैक्षणिक सफरींना लावल्या. सैनिक जिथे दाटीने झोपत तिथे मुलांची शयनगृहे झाली. यांतली डुनेरा म्हणजे तीच, जिच्यातून १९४० साली ब्रिटनने अडीच हजारांवर माणसे, बहुतेक हिटलरपासून पळून आलेले ज्यू, शत्रुदेशीय समजून हालहाल करीत ऑस्ट्रेलियाला धाडली होती. वीस वर्षांनी त्याच मजल्यांवर मुले भूमध्य समुद्राचे नकाशे काढत होती. पुढे पूर्व आफ्रिकेच्या मार्गावरून निवृत्त झालेली 'युगांडा' त्यांना मिळाली. या सगळ्या बोटींवर स्वयंपाकघर आणि जेवणघर सांभाळणारे बहुतांशी गोवेकर, आणि डेकवर सारंगाच्या हाताखाली राबणारे खलाशी गुजरात-कोकणच्या किनाऱ्यांवरचे. मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहांत, पुढच्या नोकरीची वाट बघत राहणारे गोव्याचे तारवटी म्हणजे याच बोटींवरची माणसे. इंग्लंडमधल्या मुलांनी परदेश पाहिला तो अथेन्समध्ये उतरण्याआधी, सकाळच्या न्याहारीला. अभ्यासक्रमात मात्र हा धडा नव्हता.

आता दुसरा आक्षेप, जो अधिक वजनदार आहे. बोट जुनी असली, दुसऱ्याच कामासाठी बांधलेली असली, तर शिक्षणाचे काय बिघडले? आपल्याकडे कितीतरी कॉलेजे जुन्या वाड्यांत आणि संस्थानिकांच्या राजवाड्यांत भरतात, त्यांच्या पदवीला कोणी वाड्याचा इतिहास विचारत नाही. हा युक्तिवाद वाड्यापुरता बरोबर आहे. वाड्यातल्या चार खोल्या कुलूप लावून ठेवल्या तर त्या काही खात नाहीत. बोट अर्धी रिकामी असली तरी कोळसा तेवढाच खाते, खलाशांचे पगार तेवढेच, बंदराचे शुल्क तेवढेच. म्हणून बोटीवरच्या विद्यापीठाला दहा विद्यार्थ्यांनी सुरुवात करून हळूहळू वाढता येत नाही. पहिल्याच दिवशी ती भरावी लागते. राइनडॅमवर शंभरावर प्रौढ का होते याचे उत्तर इथे आहे, आणि ब्रिटिश बोटींवर मुलांच्या शयनगृहांच्या वर केबिनींत पैसे भरून आलेले प्रवासी का असत याचेही. आजच्या 'सेमिस्टर ॲट सी'च्या बोटीवरही निवृत्त मंडळी 'आजीवन विद्यार्थी' म्हणून सोबत असतात. त्यांच्या येण्याने वर्गात चांगली चर्चा होत असेल, मी नाकारत नाही; पण ती आली खोल्या भरायला. हाच नियम प्रवेशालाही लागू होतो. जागा भरायची असते तेव्हा चाळणी बारीक ठेवता येत नाही, आणि भाडे चुकवायचे असते तेव्हा शुल्क कमी ठेवता येत नाही. म्हणून या बोटींवर शिष्यवृत्तीवाल्यांपेक्षा सुखवस्तू घरांतली मुले नेहमीच जास्त राहिली, आणि 'श्रीमंत पोरांची सहल' हा टोमणा शंभर वर्षे पाठ सोडत नाही.

बोट उसनी, तसा पदवीवरचा शिक्काही उसना. बोट चालवणारी संस्था एक आणि गुण देणारे विद्यापीठ दुसरे, अशी ही रचना. न्यूयॉर्क विद्यापीठाने राइनडॅम सुटण्याआधीच पाठिंबा काढून घेतला. तरी लफ खासगी संस्थेच्या जोरावर निघाले, आणि मुलांनी दिलेल्या परीक्षा मानायच्या की नाही हे ज्याच्या त्याच्या कॉलेजच्या मर्जीवर राहिले. १९६५नंतर चॅपमन, १९७७ला कोलोरॅडो, मग १९८१पासून पिट्सबर्ग, २००६ला व्हर्जिनिया, २०१६ला कोलोरॅडो स्टेट: एवढ्या वेळा मायबाप बदललेला दुसरा विद्यापीठीय उपक्रम शोधून सापडणे कठीण. कोणी म्हणेल, हे तर कुठल्याही नव्या उपक्रमाचे होते. पण इथे ब्रिटिश अनुभव शेजारी ठेवून पाहावा. तिथे सफर शाळेची होती, पदवीचा प्रश्नच नव्हता. मुले परत येऊन आपल्या वर्गात बसत. बोटीही त्याच कंपनीच्या. त्यामुळे दोन दशके शिक्षणाच्या दर्जावरून तिथे असे वादळ उठले नाही. तिथला शेवट आला तो वेगळ्याच बाजूने. एप्रिल १९८२मध्ये युगांडा मुलांना घेऊन भूमध्य समुद्रात असताना फॉकलंडच्या युद्धासाठी सरकारने ती मागितली. मुलांना नेपल्सला उतरवले, जिब्राल्टरला बोटीचे इस्पितळ झाले. उसन्या वस्तूचा खरा धनी कोण, हे एका तारेने कळले.

मग विद्यार्थ्याच्या हाती काय पडते? बंदरात चार-पाच दिवस, जास्तीत जास्त आठवडा. एवढ्यात भाषा येत नाही, घर कळत नाही, बाजारातला भावसुद्धा कळत नाही. परदेशी एका शहरात सहा महिने खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याशी तुलना केली तर बोटीवरचा हरतो, हा तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. बंदरांची निवडही त्याची नाही. राइनडॅमवरच्या मुलांनी जो आशिया पाहिला तो मनिला, हाँगकाँग, कोलंबो, बटाव्हिया असे. म्हणजे अमेरिकी, इंग्रज, डच साम्राज्यांनी उघडलेल्या दारांमधून. त्या हिवाळ्यात जावामध्ये डच सत्तेविरुद्ध कम्युनिस्ट उठाव झाला, चीनमध्ये राष्ट्रवादी फौजा उत्तरेकडे सरकत होत्या. अशा वेळी पाहुण्यांचे स्वागत करणारे वसाहतीचे अधिकारी आणि वकिलातीची मंडळी. त्यांच्या तोंडून कळलेला देश तो देशाचा किती आणि वकिलातीचा किती?

तरीही ही हार मान्य करताना मोजमाप चुकू नये. बोटीवर जे शिकायला मिळते ते बंदरांत नव्हे, दोन बंदरांच्या मधे. आजच्या बोटीवर समुद्रातले दिवस 'ए' आणि 'बी' असे आलटून पालटून येतात. रविवार नावाचा वार नसतो. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना घड्याळे रात्री मागे सरकतात. निम्म्या वर्गाला बोट लागलेली असताना अर्थशास्त्राचा तास होतो, आणि तो बुडवून घरी जाता येत नाही, कारण घर म्हणजे तीच बोट. बंदरातून परतायला उशीर झाला तर पुढच्या बंदरात सगळे उतरून गेल्यावर काही तास बोटीवरच बसून राहण्याची शिक्षा मिळते, तिला 'डॉक टाइम' म्हणतात. प्राध्यापक त्याच टेबलावर जेवतो, त्याच जिन्यात भेटतो. जपानविषयी ऐकले त्यानंतर जपान दिसले, आणि मग पुढच्या बंदरापर्यंत त्यावर वाद घालायला बरेच दिवस मिळाले: ही फुरसत विमानाने जाणाऱ्याला मिळत नाही. पण ती शिक्षणतज्ज्ञांनी योजून दिलेली नाही. ती बोटीच्या संथपणाची देणगी आहे, आणि हाच संथपणा प्रवासी व्यापारात तिच्या मुळावर आला होता. ज्या दोषामुळे बोट रिकामी झाली, तोच वर्गात गुण ठरला. माझ्या मते या प्रकाराची बाजू घ्यायची तर ती इथे घ्यावी. 'जग हीच शाळा' असल्या जाहिरातीवर नव्हे.

या संथपणालाही उसनेपणाची किंमत मोजावी लागते. 'एक्सप्लोरर' बांधली होती भूमध्य समुद्रातून भराभर खंड बदलणाऱ्या सहलींसाठी, २८ नॉट वेगाची. विद्यापीठाचे सत्र जानेवारीत सुरू होते, म्हणून तिला जानेवारीतच उत्तर पॅसिफिक ओलांडावा लागे. २००५च्या जानेवारीत तिथे एका प्रचंड लाटेने सुकाणूकक्षाच्या काचा फोडल्या, यंत्रे काही काळ बंद पडली, आणि शेकडो विद्यार्थी असलेली बोट कशीबशी होनोलुलूला नेली गेली. अपघात कुठल्याही बोटीला होतो, हे बरोबर. पण त्या महिन्यात त्या समुद्रात तिला कोणी पाठवले याचे उत्तर नकाशात सापडत नाही, शैक्षणिक वेळापत्रकात सापडते.

समुद्रावरच्या शिक्षणासाठी बोटी कधीच बांधल्या जात नाहीत, असे मात्र नाही. माझगावच्या धक्क्याला १९२७पासून भारतीय मुलांना दर्यावर्दी अधिकारी करणारी 'डफरिन' ही जुनी सैन्यवाहू बोट होती, तीही उसन्या कुळातली. पण नौदलाची 'तरंगिणी' गोवा शिपयार्डने प्रशिक्षणासाठीच बांधली आणि ती १९९७मध्ये दाखल झाली. फरक पैशाच्या धन्यात आहे. खलाशी आणि अधिकारी घडवणे ही राज्याची गरज, म्हणून राज्य पैसे घालते आणि शिडांपासून झोपण्याच्या फळ्यांपर्यंत सगळे त्या कामासाठी आखून घेते. इतिहास नि वाङ्मय शिकणाऱ्या मुलाला जग दाखवणे ही अजून कोणत्याच राज्याला तशी गरज वाटलेली नाही. म्हणून 'वर्ल्ड ओडिसी' उन्हाळ्यात आपल्या 'डॉइचलंड' या जुन्या नावाने जर्मन पर्यटकांना घेऊन फिरते. त्यांचा हंगाम संपला की अमेरिकी मुले चढतात, आणि त्यांचा पुढचा हंगाम आला की उतरतात.